मिरजेचा गिटारवाला

एका गुरुवारी दिलीप हेरवाड्यांच्या कॅसेटमधला गिटारवाला मराठीत बोलायला लागला. दिलीपरावांना नवल वाटलं ते इतकंच, की याला एवढी वर्षं का लागली. माणूस त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत रेडिओवरून कॅसेटमध्ये उतरला, तेव्हापासून मिरजेतच होता. तोही स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी. तिथे राहून कोणीही शिकलं असतं.

हा गिटारवाला ‘पेपर लॅडर्स’ या जगप्रसिद्ध रॉक बँडचा. बँड फुटला त्याच आठवड्यात एका परदेशी रेडिओ केंद्राने त्याची आणि ड्रमवाल्याची मुलाखत घेतली होती. दिलीपराव आणि त्यांचा धाकटा भाऊ भरत यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून ती उतरवून घेतली. जगात तिची दुसरी प्रत नव्हती. पुढे जुनी रेकॉर्डिंगं जमवायची आणि जगभरच्या चाहत्यांना इंटरनेटवरून फुकट वाटायची, हा दिलीपरावांचा जन्माचा उद्योग झाला. घरी दूध आणायचं त्यांच्या लक्षात राहत नसे, पण पेपर लॅडर्सच्या ड्रमवाल्याने दाढी कोणत्या साली ठेवली ते झोपेतही सांगत. अशा माणसाला मिरजेत विद्वान म्हणत नाहीत. जे म्हणतात ते दिलीपराव ऐकून घेत.

ही मुलाखत मात्र त्यांनी कोणालाच दिली नव्हती, कारण ती अर्धवट होती. गिटारवाला म्हणतो, “बँड फुटला, कारण...” आणि कॅसेट संपते. भरतने नवी कॅसेट घालेपर्यंत वाक्य निघून गेलं होतं आणि निवेदिका ड्रमवाल्याकडे वळली होती. तू उशीर केलास, तू आधी सांगितलं नाहीस, यावरून भावांत जी जुंपली ती घराच्या मधोमध भिंत आली तेव्हाच थांबली. वाटणीत गिटारवाला थोरल्याकडे आला, दुसऱ्या कॅसेटमधला ड्रमवाला धाकट्याकडे गेला. ‘कारण’च्या पुढे काय असेल यावर दिलीपरावांनी चाहत्यांसाठी लेखांमागून लेख लिहिले आणि प्रत्येक लेखात नवं कारण दिलं. यंदा तर त्यांनी कहर केला. येत्या रविवारी ही मुलाखत सगळ्यांना देतो, आणि कारणासकट देतो, असं जगाला कळवून बसले. कसं देणार हे जगाइतकंच त्यांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून मराठी ऐकून त्यांना हायसं वाटलं. आता सरळ विचारता येणार होतं.

“बँड का फुटला हो?”

“आता आठवंना झालंय बघा,” गिटारवाला म्हणाला. मागे निवेदिका इंग्रजीतच पुढचा प्रश्न विचारत होती. ती मुळात कोणाचं ऐकून घेणारी नव्हती, त्यामुळे तिला मराठी आली नाही.

“अहो, तुम्हीच सांगत होता की! आठवून बघा.”

“ड्रमवाल्याला इचारा. त्यो हाय न्हवं भिंतीपलीकडं.”

“आम्ही भाऊ बोलत नाही.”

“आम्ही तरी कुठं बोलतोय? पण रविवारचं कबूल तुमी करून बसलायसा.”

दिलीपरावांच्या पत्नी शैलजाबाई पोळ्या लाटत होत्या. “जावा की एकदाचं,” त्या म्हणाल्या. “माझं येणं-जाणं हायच मागल्या दारानं.”

दिलीपराव टेपरेकॉर्डर काखेत मारून निघाले. भिंत घरात होती, पण वळसा रस्त्यावरून होता. भरतने दार उघडलं, थोरल्या भावाकडे बघायचं टाळलं आणि टेपरेकॉर्डरकडे बघितलं.

“मराठी?”

“आजपासून.”

“आमचा दिवाळीपासनं बोलतोय,” भरत म्हणाला.

दिलीपरावांना हे लागलं. आपला गिटारवाला अभ्यासात मागे पडला याची त्यांना लाज वाटली.

दोन्ही टेपरेकॉर्डर टेबलावर समोरासमोर मांडले. भावांनी एकदमच बटणं दाबली. बराच वेळ नुसती खरखर चालली.

“आवाज बसलाय रं तुझा,” ड्रमवाला म्हणाला.

“तुझा कुठं धड हाय,” गिटारवाला म्हणाला. मग त्याने विचारलं, “ही दोघं हितंच बसणार व्हय?”

“भाईर बसा की जरा,” ड्रमवाल्याने भावांना सांगितलं. “आमचं घरचं बोलणं हाय.”

दिलीपरावांनी रविवारची अडचण सांगून पाहिली. जगभरचे लोक खोळंबलेत म्हणाले.

“खोळंबू देत,” दोघे म्हणाले.

भाऊ बाहेर येऊन पायरीवर बसले. आतून हसल्याचा आवाज आला, मग कोणीतरी नाक ओढल्याचा. दिलीपरावांनी दाराला कान लावला, पण शब्द कळेना. त्यांना फार वाईट वाटलं. जन्मभर ज्यांची हमाली केली, त्यांनीच हाकलून दिलं होतं. आणि त्याहून मोठी पंचाईत म्हणजे, भरतशी बोलायला त्यांच्याकडे बँडखेरीज विषयच नव्हता, आणि बँड आत बसला होता.

एक रिक्षा गेली.

“गुडघा कसा हाय?” भरतने विचारलं.

दिलीपरावांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. या विषयाची त्यांनी काहीच तयारी केली नव्हती.

“दुखतो,” ते म्हणाले. “जिना चढताना जास्त.”

“माझा उतरताना,” भरत म्हणाला आणि सरकून त्याने त्यांना सावलीत जागा करून दिली.