उलटा छापलेला कंद

"रुपचंदराव, चित्र उलटं छापलं गेलंय," पितांबरभाऊ म्हणाले.

जळगावच्या एका शेतकी संशोधनाच्या त्रैमासिकाचे ते संपादक. सन छत्तीसच्या पावसाळी अंकात केळीच्या लागवडीवर रुपचंदरावांचा लेख होता आणि त्यातल्या चित्रात कंदाचं डोकं खाली, मुळं वर आली होती.

रुपचंदरावांनी अंक फिरवून पाहिला. "असा धरला की सुलट दिसतं. उगाच शुद्धिपत्र काढू नका, माझं हसं होईल."

"कोणी तसंच लावलं तर?"

"इथल्या शेतकऱ्याला केळी लावता येत नाही होय?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण महिन्याभराने केळीचा व्यापारी रतिलाल बातमी घेऊन आला. सावद्याकडच्या तोतारामने अंक बघून सगळी नवी लागवड उलटी केली होती. कोणी हटकलं की तो म्हणायचा, "छापेल हाये. शिकेल लोकायनं पारखून छापेल हाये."

त्या दिवशी पितांबरभाऊंना जेवण गेलं नाही. घरात विचारणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ताट तसंच राहिलं. सकाळी ते शुद्धिपत्राचा मजकूर खिशात घालून गाडीत बसले.

तोताराम आणि त्याची बायको सुमनबाई मळ्यातच भेटली. पितांबरभाऊंनी हात जोडले. "भाऊ, चूक आमची. चित्र उलटं होतं. तुमचं वर्ष आम्ही बुडवलं."

"बुडालं कुठं?" तोतारामने हात केला. "सारे निंघाले."

खरंच, ओळीने हिरवे कोंब उभे होते. पितांबरभाऊ एका कोंबापाशी वाकले. उलटा पुरलेला कंदही उगवतो! "हे छापायलाच हवं," ते पुटपुटले.

ते ऐकताच तोतारामचा चेहरा उतरला. "नका छापू, भाऊ. खरं सांगतो. मले झोप नाई लागे. ही माहेरी गेलती, तवा म्या सारे कंद सुलटे करून टाकले."

सुमनबाईच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "काय? अहो, तुमी बाजारात गेलते, तवा म्या सारे पलटवले ना!"

"सुलटे हायेत हे पाह्यलं नाई का वं?"

"कायले पाहू? उलटे लावतांना ह्या डोयानं पाह्यलं होतं तुमाले!"

आता जमिनीत काय आहे ते जमिनीलाच ठाऊक. "एक उकरा," पितांबरभाऊ म्हणाले.

सुमनबाईने हलक्या हाताने माती काढली. कंदाचं डोकं खालीच होतं. कोंब आधी खाली गेला होता. मग त्या अंधारात तो वळला होता, कंदाला वळसा घालून सरळ वर आला होता. वर कुठल्या बाजूला आहे, हे त्याला कोणी सांगितलं होतं? तिघंही खड्ड्याभोवती वाकली. सुमनबाईने कोंबाला हात जोडले.

पितांबरभाऊ म्हणाले, "सगळं छापावं लागेल. आमची चूक, तुमचं सुलटं करणं, यांचं उलटं करणं. नावांसकट."

"गावात तोंड कसं दाखवू?" तोताराम कळवळला. "मंग हिचं तरी नाव नका टाकू. बाई माणूस हाये."

"का म्हून?" सुमनबाई उसळली. "उलटे कोनं केले? म्या! तुमी तर सुलटे करून बसले होते. भाऊ, माह्यं नाव पयले टाका!"

"तुह्यं पयले कसं? अंक कोनं वाचला?"

"वाचला कुठं? चित्र पाह्यलं!"

"पन पाह्यलं तर म्याच ना?"

कोणाचं नाव आधी, यावरून मोठमोठे विद्वान पितांबरभाऊंसमोर भांडून गेले होते. त्यांना ते दोन वाक्यांत गप्प करत. परतीच्या गाडीची वेळ झाली होती. त्यांनी उकरलेली माती कंदावर परत सारली, हात झटकले आणि आज मात्र दोघांचं भांडण ऐकत बांधावर ऐसपैस बसले.