लिटरमागे एकोणीस

माणसाची पत त्याच्या मिळकतीवरून ठरत नाही, तो आपल्या खर्चाबद्दल काय सांगतो यावरून ठरते. हे सत्य इतरत्र कितपत मान्य आहे मला ठाऊक नाही, पण महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत ते दोन हजार तीनच्या सुमारास, म्हणजे त्या मोठ्या गाड्या आल्या तेव्हा, निर्विवाद सिद्ध झाले.

मोठ्या गाड्या म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या, आठ माणसांच्या आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या. हा जोर देण्यासाठी गिअरशेजारी एक वेगळा दांडा असतो. आमच्याकडे त्याला भाजीची पिशवी अडकवतात. (तुडीलला एका मालकाने आपल्या मामांच्या अंगणात तो एकदा ओढला होता. परत कसा ढकलायचा हे कोणालाच माहीत नसल्याने गाडी तशीच गुरगुरत महाडपर्यंत आली.) आपला भाग डोंगराळ, पावसाळ्यात रस्त्यांचा भरवसा नाही, म्हणून अशी गाडी हवीच, असे प्रत्येक मालक सांगतो. मग पावसाळा लागला की गाडीवर ताडपत्री टाकतो आणि एसटीने जातो.

अशा तेवीस गाड्यांच्या मालकांचे एक स्नेहमंडळ आहे. मी त्याचा चिटणीस. माझ्याकडे मोठी गाडी नाही, पण अक्षर वळणदार आहे, म्हणून मला घेतले. (माझी स्कूटर सत्तर देते. तो वेगळा विषय आहे.)

'देते' या शब्दाचा खुलासा करायला हवा. आमच्याकडे दोन मालक भेटले की "कसे आहात?" असे विचारत नाहीत, "किती देते?" असे विचारतात. गाडी एक लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर जाते, म्हणजे तिचे अ‍ॅव्हरेज काय, असा त्याचा अर्थ. गाडी डिझेल खाते असे कोणी म्हणत नाही. ती देते. मंडळाच्या पाहणीनुसार तेवीसपैकी तेवीस गाड्या सरासरीपेक्षा जास्त देतात.

हे यश आपोआप आलेले नाही. त्यामागे मंडळाची वजावट पद्धत आहे. तत्त्व साधे आहे: जे डिझेल गाडीच्या दोषामुळे जळले नाही, ते गाडीच्या नावावर का टाकावे? त्यानुसार पुढील डिझेल हिशेबातून वगळले जाते:

घाट चढताना लागलेले (डोंगर मालकाने घातलेले नाहीत). एसीला लागलेले (उकाडा हवेचा आहे). मुंबईचे पाहुणे यायचे म्हणून वीर स्टेशनाबाहेर इंजिन चालू ठेवून जळालेले (उशीर रेल्वेचा). सासुरवाडीला जाण्यायेण्याचे (हा ठराव चर्चेविना एकमताने संमत झाला). आणि डिझेल भरायला जाताना लागलेले.

शेवटचे कलम बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ज्याची गाडी सोळा देते तो पंपावर वारंवार दिसणे बरे नाही. म्हणून महाडचे सभासद डिझेल भरायला पोलादपूरला जातात आणि पोलादपूरचे महाडला येतात. वाटेत ते एकमेकांना दिसतात, हात करतात आणि त्याबद्दल कधीही बोलत नाहीत. मी याला संस्कृती म्हणतो.

या संस्कृतीत वकील शरद वैद्य आले आणि सगळा घोळ झाला.

शरदराव पेशाने वकील, त्यामुळे खरे बोलण्याची हौस त्यांना कामाबाहेरच भागवावी लागे. दसऱ्याला गाडी घेतली, आणि दिवाळीच्या आत, एसटी स्टँडसमोर चहा पिताना कोणीतरी "किती देते?" विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आठ."

चहावाल्याने गाळणी खाली ठेवली. सगळ्यांना वाटले, पुढे 'रा' येईल. आला नाही.

पहिले काही दिवस लोकांनी सहानुभूती दाखवली. गाडी खराब लागली असेल, वकिलांचा पाय जड असेल, असे म्हटले गेले. हळदीकुंकवाला त्यांच्या पत्नीला, चारुशीलावहिनींना, बायका हलक्या आवाजात "होईल हो सगळं नीट" म्हणू लागल्या. पण मग रोग पसरला. आमचे अध्यक्ष काशीरामशेठ, सिमेंट-लोखंडाचे व्यापारी, जेवायला बसले असताना आवडीवहिनी त्यांना म्हणाल्या, "वकिलांची आठ देते तर आपली सोळा कशी? दोन्ही एकाच कारखान्यातल्या ना?"

काशीरामशेठ पानावरून उठले आणि तडक तातडीची सभा बोलावली. एका माणसाच्या खरेपणामुळे तेवीस घरांत भागाकार सुरू होत असेल, तर मंडळाला हात बांधून बसता येत नाही.

सभेत ठरले की वकिलांच्या गाडीची जाहीर चाचणी घ्यायची. चाचणीचा मार्ग निवडायला अकरा जणांची समिती नेमली. समितीने महाबळेश्वर ते महाड हा मार्ग निवडला. ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, महाबळेश्वरहून पोलादपूरला येताना आंबेनळी घाट लागतो, आणि तो उतरायचा असतो. (महाडहून महाबळेश्वरला चढून जाणे ही चाचणी नव्हती, चाचणीच्या जागी पोहोचणे होते. त्याची नोंद ठेवण्याचे कारण नव्हते.) वर टाकी गळ्यापर्यंत भरली, अकराही सदस्य निरीक्षक म्हणून गाडीत कोंबले, आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकून देवाचे नाव घेतले. शरदराव सगळा वेळ ब्रेकवर उभे होते. खाली येईपर्यंत चाकांना असा वास येत होता की पोलादपुरात एकाने जळलेल्या भाकरीची चौकशी केली.

महाडला पुन्हा टाकी भरली. आकडा आला एकतीस.

मंडळ सत्यप्रिय असल्याने हा आकडा कोणालाच पटला नाही. त्यामुळे विश्वास बसेल इतपत तो खाली आणावा असे ठरले, आणि बराच वाद होऊन एकोणीस मंजूर झाला. शरदरावांना श्रीफळ आणि प्रमाणपत्र दिले. प्रमाणपत्र मीच लिहिले. 'सदर गाडी लिटरमागे एकोणीस देते' यातल्या 'एकोणीस'ला मी लाल शाई वापरली. शरदरावांनी ते दिवाणखान्यात लावले. घरोघरचे भागाकार थांबले, आणि आवडीवहिनींनी शेठला पुन्हा वाढायला सुरुवात केली.

यात फक्त एक अडचण झाली. शरदरावांनी त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवला.

त्यांची मुलगी देवश्री रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात, प्रयोगशाळेत, गोळ्यांची तपासणी करायची जागा निघाली होती. घरापासून बसने जाता येईल अशी नोकरी. मिळाली तर पोरीला गाव सोडून परक्या शहरात खोली घेऊन राहावे लागणार नव्हते, आणि चारुशीलावहिनींनी त्यासाठी गणपतीला एकवीस मोदक बोलून ठेवले होते. मुलाखत पुण्याच्या मुख्य कार्यालयात, सकाळी अकराला.

"मी एसटीने जाते, बाबा," देवश्री म्हणाली.

"दारात एकोणीस देणारी गाडी असताना एसटीने?"

"निदान टाकी तरी भरून घ्या हो," चारुशीलावहिनी म्हणाल्या.

"सात लिटर आहे टाकीत. सात एकोणीस एकशे तेहेतीस. पुणे एकशे वीस. तेरा किलोमीटर उरतात, तेवढ्यात तिथे गाडी लावायला जागा सापडेल."

तरीही नाक्यावरच्या पंपाशी त्यांनी गाडी हळू केली होती, असे देवश्री सांगते. पण पंपावर नेमके काशीरामशेठ चाकांत हवा भरत उभे होते. त्यांनी हात केला. शरदरावांनीही हात केला, आणि जोर देऊन पुढे गेले. प्रमाणपत्राला अजून आठवडाही झाला नव्हता. एवढ्यात पंपावर कसे दिसायचे?

गाडी वरंधा घाटात थांबली. रिझर्व्हचा दिवा बिरवाडीपासून लागलेला होता, पण दिवा कंपनीने बसवलेला आणि प्रमाणपत्र मंडळाचे, तेव्हा कोणाचे मानायचे हा प्रश्नच नव्हता. डिझेल गाडीचे असे असते की टाकी कोरडी पडली की लायनीत हवा शिरते, आणि मग नुसते डिझेल ओतूनही ती चालू होत नाही. शरदराव बॉनेट उघडून आत पाहत उभे राहिले. वकील आत पाहून काय करणार, पण बॉनेट बंद ठेवून उभे राहणे आणखी वाईट दिसते.

मागून भागोजी आला. माझेरीकडचा शेतकरी, भात झाले की जुन्या जीपमधून भोरपर्यंत प्रवासी नेतो.

"काय वकीलसायब, डिझल संपला काय?"

"डिझेल आहे. लायनीत एअर धरली आहे."

"डिझल हाय तर एअर कशाला धरल?" भागोजीने सहज विचारले, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाला, "माजी बघा. एकशे चव्वेचाळीस देते."

एकोणीसच्या मालकाचा चेहरा उतरला. त्यांनी हिशेब विचारला.

"लिटरला आठ किलोमीटर जाते. माणसा अठरा. आठ अठरां एकशे चव्वेचाळीस. जितकी माणसा जास्ती तितका जास्ती देते." मग देवश्रीकडे वळून तो म्हणाला, "चल गो बाय, तू एकोणिसावी. आता एकशे बावन्न झाला."

(भागोजी मंडळाचा सभासद नाही, तरी त्याची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे, असे मी इतिवृत्तात नोंदवले आहे.)

देवश्री जीपच्या मागच्या फळीवर एका पायावर उभी राहून भोरला गेली, तिथून एसटीने पुण्याला. पोहोचली तेव्हा तिचा पुकारा होऊन गेला होता. पण साहेब लोक भले होते, जेवणानंतर तिला आत घेतले. तिघे जण बसले होते.

"उशीर का झाला?"

"वडिलांच्या गाडीचं डिझेल घाटात संपलं."

"कुठली गाडी?"

तिने सांगितले. तिघांपैकी दोघांकडे तीच गाडी होती. ते खुर्चीत पुढे सरकले. रसायनशास्त्र बाजूला राहिले.

"किती देते तुमची?"

देवश्रीने वडिलांचा मूळ आकडा सांगितला. आठ.

"अशक्य," पहिले साहेब म्हणाले. "माझी चौदा देते."

"पंधरा," दुसरे म्हणाले. "एसी लावून."

तिसऱ्यांकडे लहान गाडी होती, पण आठ हा आकडा त्यांनाही रुचलेला दिसला नाही. देवश्रीने सांगून पाहिले की डिझेल मोजून घातले, अंतर मोजले, भागाकार केला, आठ आले. साहेब हसले. ज्या मुलीला घरच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज धड मोजता येत नाही, ती गोळीतले औषध काय मोजणार? शेरा पडला: 'मोजमापात कच्ची.' जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याच्या काकांची गाडी साडेसोळा देत होती.

मला वाईट वाटले. पोर हुशार आहे, मी तिला फ्रॉकात असल्यापासून ओळखतो. चारुशीलावहिनींनी मोदकांचे तांदूळ परत डब्यात ओतले, तेव्हा मी तिथे होतो आणि कुठे बघावे ते मला कळत नव्हते.

परंतु भावना वेगळी आणि कामकाज वेगळे. सांत्वनासाठी मंडळ शरदरावांच्या दिवाणखान्यात जमले आणि प्रकरणाची शास्त्रीय छाननी झाली. गाडी एकोणीस देते. सात लिटर जळाले. अर्थात गाडी एकशे तेहेतीस किलोमीटर गेली, म्हणजे ती जिथे थांबली ती जागा पुण्याच्या तेरा किलोमीटर पुढे होती. असे असताना शेजारच्या दगडावर 'महाड ३८' लिहिलेले आढळते, ही गंभीर चूक आहे. दगड योग्य जागी हलवावा, असा अर्ज करायचे ठरले. मसुदा मी तिथेच केला.

देवश्री चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने सगळे ऐकले. मग ट्रे हातातच ठेवून तिने विचारले, "बाबा, आपली गाडी किती देते?"

शरदरावांनी काशीरामशेठकडे पाहिले. मग भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे. मग मुलीकडे त्यांनी पाहिले नाही.

"एकोणीस," ते म्हणाले.

"बरं," देवश्री म्हणाली, आणि चहा देऊन आत गेली.

पुढच्या वर्षी शेजारच्याच औषध कारखान्यात तशीच जागा निघाली. मुलाखत पुन्हा पुण्यालाच होती, पण या वेळी ती आदल्या दिवशी एसटीने गेली आणि वेळेवर आत गेली. बोलता बोलता गाडीचा विषय निघालाच. किती देते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "अठरा." वडिलांचा मान राखून एक कमी. साहेबांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली आणि नेमणूक तिथल्या तिथे केली.

आता ती रोज सकाळी कारखान्याच्या बसने जाते आणि प्रत्येक गोळीत औषध किती आहे ते मोजून कागदावर लिहिते. वजावट पद्धत घरातच शिकलेली असल्याने तिच्या प्रशिक्षणाचा खर्च वाचला, असे तिचे साहेब कौतुकाने सांगतात. गोळीवर पाचशे छापलेले असते. ताप आला की मीही तीच घेतो, आणि उतरला नाही तर दोष तापाचा धरतो.

दगड अजून जागचा हललेला नाही. स्मरणपत्र पाठवले आहे.

हे वाचून तुम्हाला त्या पोरीची कणव आली असेल, तर चांगलेच आहे. पण शरदराव चहाच्या टपरीवर 'आठ' म्हणाले, तेव्हा तुमच्या मनात काय आले ते मला माहीत आहे. 'आठ? चालवता येत नसेल. आपली तर...' त्यापुढे जो आकडा आला तो मंडळाला कळवा, वर्गणी नाही. गाडी नसेल, तर मुलाचे टक्के सांगितले तरी चालेल.