चिखलातलं स्टूल

अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की शिंपलेवाले चिखलात उतरतात आणि कमरेत वाकून आखूड दांड्याच्या दाताळ्याने खणत राहतात. आजोबा असेच वाकले, वडीलही वाकले. मी मात्र डोकं लढवलं. वाकलं की स्वतःचंच धड पेलण्यात निम्मी ताकद जाते, हे रेडिओवरच्या एका बाईंनी मला पटवून दिलं होतं. मी बसून खणणार होतो!

त्याला कारणही होतं. "कंबर आणखी एकदा धरली की चिखल बंद," बायकोने, थेल्माने, बजावलं होतं. "माझ्या बहिणीच्या दुकानात बसायचं आणि पर्यटकांना शिंपल्यांच्या माळा विकायच्या." त्यापेक्षा बुडून मेलेलं बरं, असं मी म्हणालो होतो.

स्टूल रुतू नये म्हणून ते रुंद फळीवर ठोकलं आणि चिखलात उतरलो. काय ते सुख! शेजारी मेहुणा वेर्न वाकून, पाऊल-पाऊल सरकत खणत होता.

"दाजी, मधूनमधून पाय हलवा."

"तू तुझी कंबर सांभाळ."

"बरं. पाणी वळेल आता, मी निघालो."

"हो पुढे. माझी पाटी भरू दे."

थोड्या वेळाने तो काठावरून दोन्ही हात हलवायला लागला. कौतुक करतोय वाटून मीही ऐटीत दाताळं हलवलं. तेवढ्यात बुडाला गार लागलं. भरती!

उठायला गेलो तर पाय निघेनात. वाकणारा सारखा सरकतो म्हणून रुतत नाही. मी सुखाने एका जागी बसलो होतो आणि फळीबाहेरचे पाय गुडघ्यापर्यंत आत गेले होते. जोर लावला की आणखी खाली. पाणी छातीला आलं आणि माझी बोबडी वळली. ते दुकान मला एकाएकी फार आवडायला लागलं.

वेर्न चिखलावरून शिंपले ओढून न्यायची घसरगाडी घेऊन धावत आला. "बूट सोडा आणि पालथे पडा!"

"पाणी थंड आहे रे."

"दाजी, ताईला मी काय सांगू ते तेवढं सांगून ठेवा."

मी पालथा पडलो. बुटांतून पाय सुटले. वेर्नने मला गाडीवर घातलं आणि कमरेत वाकून काठापर्यंत ओढत नेलं.

थेल्मा ब्लँकेट घेऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते. "कंबर?"

"ठणठणीत. बघ, बसून खणल्याचा फायदा."

आणि मी ओले मोजे काढायला वाकलो.

मेहुणीचं दुकान सकाळी उघडतं. वेर्नने ते स्टूल तेवढं वाचवून आणलं होतं. गल्ल्यामागे अगदी बरोबर मावलं.