धरून ठेवलेली खुर्ची

कायसा हाउताला डॉक्टर होणार हे ती नववीत असतानाच ठरलं होतं, आणि ठरवणारी ती स्वतःच होती. कॉलेजच्या चार वर्षांत काय कधी शिकायचं तेही तिने आखून टाकलं होतं. पहिल्या वर्षी जीवशास्त्र, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री, तिसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्री आणि त्याला लागूनच मेडिकलची प्रवेश परीक्षा. मधे आजारी पडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. आई एकदा म्हणाली, "अगं, चुकून प्रेमात वगैरे पडलीस तर?" त्यावर, चौथ्या वर्षी थोडा वेळ आहे, असं उत्तर मिळालं.

या सगळ्या डोलाऱ्याचा खांब म्हणजे ऑरगॅनिक. सरोवराकाठच्या त्या लहानशा कॉलेजात हा विषय वर्षातून एकदाच, पानगळीच्या सत्रात शिकवत, तोही एकाच वर्गात. तिथे नंबर लागला नाही तर पुढची पानगळ. म्हणजे परीक्षा एक वर्ष पुढे, आणि डॉक्टरकीही एक वर्ष पुढे. त्यात नावनोंदणी वरच्या वर्गांपासून सुरू व्हायची. कायसाच्या वर्गाची पाळी येईपर्यंत खुर्च्या संपणार यात शंका नव्हती.

हा नियम फक्त हॉकीवाल्यांना लागू नव्हता. त्यांचा सराव बुडू नये म्हणून त्यांना सगळ्यांच्या आधी नाव घालता यायचं. त्या गावात बर्फावरच्या हॉकीपुढे महापौरांचंही काही चालत नसे, तिथे कॉलेजचं काय चालणार? आणि हाउतालांच्या शेजारच्याच घरात ब्रँट लाहटी राहत होता. ब्रँट टीमचा बचावपटू. शिकायला त्याने खेळांचं व्यवस्थापन घेतलं होतं, कारण त्याच्या मते त्यात निदान खेळ तरी होते.

"तू ऑरगॅनिकला नाव घाल," कायसा त्याला म्हणाली. "माझी पाळी आली की तू काढ, तेवढ्यात मी घालते."

"मला काय मिळणार?"

"आईच्या हातच्या पेस्ट्या. सीझनभर."

खिमा-बटाटा भरलेल्या त्या गरम पेस्टीसाठी ब्रँटने याहून मोठे गुन्हे केले असते. पण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही म्हणून तो जरा थांबला. "गाजर घालत नाही ना तुझी आई?"

पेस्टीत गाजर म्हणजे त्या गावात पापच. "आम्ही काय तसले लोक वाटलो तुला?" कायसा म्हणाली, आणि सौदा पक्का झाला.

कायसाची पाळी पहिल्या वर्षाच्या एप्रिलमधल्या एका सकाळी होती. दोघं हाउतालांच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी लॅपटॉप मांडून बसली. ब्रँट बटण दाबणार इतक्यात कायसाने त्याचं मनगट धरलं. पडद्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की रिकामी झालेली खुर्ची वेटिंगवरच्या पहिल्या विद्यार्थ्याला जाईल. वेटिंगवर आधीच बरीच मंडळी होती. चार वर्षं आखून ठेवणाऱ्या मुलीने एवढंच पाहिलेलं नव्हतं.

मग नवा बेत ठरला. कायसाने वेटिंगवर नाव घालायचं, आणि ते पहिलं येईपर्यंत ब्रँटने खुर्चीवरून हलायचं नाही. ऑरगॅनिकला घाबरून लोक उन्हाळ्यात पळ काढतात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत काम होणार होतं. तोवर शिष्यवृत्तीसाठी कायसाचे विषय पुरे दिसायला हवे होते, म्हणून ऑरगॅनिकच्याच तासाला जो वर्ग मोकळा दिसला त्यात तिने तात्पुरतं नाव टाकून दिलं. तिथे एकच खुर्ची उरली होती. नशीब म्हणायचं, असं तिला तेव्हा वाटलं.

ऑगस्टमध्ये खरोखरच कायसाचं नाव पहिलं आलं. ब्रँटने बटण दाबलं, तर कॉलेजच्या कॉम्प्युटरने साफ नकार दिला. हा विषय काढला तर याचे विषय कमी पडतात, आणि विषय कमी पडले तर हॉकी बंद.

"दुसरं काहीतरी घे ना," कायसा म्हणाली.

"माझ्या सरावात बसणारा एकच वर्ग आहे, खेळांच्या व्यवस्थापनाचा. मला तोच घ्यायचा होता. पण तो भरलाय." ब्रँट पडद्याकडे पाहत राहिला. "कोणी घेतली असेल गं शेवटची खुर्ची?"

कायसाने टेबलावरचा चमचा सरळ केला. मग म्हणाली, "मी."

आता तिने उठायचं म्हटलं तर तिकडेही वेटिंग लागलं होतं, आणि त्यात पहिला नंबर टीमच्या गोलकीपरचा होता. त्याच्या हातून काहीही निसटत नसे. आणि ऑरगॅनिकमधून पळायचे ते उन्हाळ्यातच पळून गेले होते. थोडक्यात, दोघं एकमेकांच्या खुर्चीत बसली होती आणि दोघांनाही उठता येत नव्हतं. ब्रँटचे कोच म्हणाले की खुर्च्यांचं तुमचं तुम्ही पाहा, मुलगा बर्फावर दिसला पाहिजे.

शेवटी कायसा श्रीमती पेल्टियरकडे गेली. मेडिकलला जाणाऱ्या मुलांना सल्ला देणं हेच त्यांचं काम. त्यांनी सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि चष्मा काढून ठेवला.

"अगं, मेडिकलवाल्यांसाठी ऑरगॅनिकच्या दोन खुर्च्या दरवर्षी माझ्याकडे राखीव असतात. मागायला येईल त्याला देते. यंदा कोणी फिरकलंच नाही, म्हणून जूनमध्ये सोडून दिल्या." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तू का नाही आलीस?"

"माझं सगळं आखलेलं होतं, मॅडम," कायसा म्हणाली.

घरी येऊन ती भांडी घासता घासता रडली. नववीपासून जपलेलं एक अख्खं वर्ष गेलं होतं, आणि रागवायला स्वतःखेरीज कोणी नव्हतं. मागच्या दाराशी ब्रँट उभा होता. त्याला मनापासून वाईट वाटत होतं आणि भूकही लागली होती.

त्याच्यापुढे वेगळंच संकट होतं. ऑरगॅनिकमध्ये नापास झाला तर हॉकी बंदच. मग कायसानेच कंबर कसली. तिने उन्हाळ्यात अख्खं पुस्तक वाचून ठेवलं होतं, ते आता दुसऱ्याला शिकवायची वेळ आली. पहिले काही दिवस ब्रँट नुसताच खात होता. एकदा वैतागून तिने इलेक्ट्रॉनच्या जागी हॉकीतला पक, म्हणजे ती रबरी चकती, आणला आणि म्हणाली, "अरे, याच्याकडे पक आहे आणि तो त्याला नकोसा झालाय. समोरचा रिकाम्या हाताने उभा आहे. मग पक कुठे जाईल?"

"समोरच्याकडे," ब्रँट म्हणाला. मग खाणं थांबवून त्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं. "एवढंच आहे होय हे?"

त्यानंतर तो सुटलाच. डिसेंबरमध्ये तो वर्गात पहिला आला. सोपा विषय म्हणून कायसाने पुस्तकच न उघडलेल्या खेळांच्या व्यवस्थापनात ती कशीबशी काठावर पास झाली. मेडिकलच्या विचारात आहे, असं ब्रँटने श्रीमती पेल्टियरना सांगितलं तेव्हा त्या दचकल्या नाहीत. दचकली ती कायसाची आई, आणि मग शेजारचा मुलगा डॉक्टर होणार या आनंदात तिने पेस्ट्यांचा करार सीझननंतरही चालू ठेवला.

पुढच्या पानगळीत कायसा एकदाची ऑरगॅनिकच्या वर्गात बसली. यंदा राखीव खुर्ची मागायला ती सगळ्यांच्या आधी गेली होती. प्रोफेसरांनी सांगितलं की अडलेल्यांसाठी यंदा एक मदतनीस नेमला आहे, आणि ब्रँट फळ्यापाशी येऊन उभा राहिला.

"समजा, याच्याकडे पक आहे," त्याने सुरुवात केली, "आणि तो त्याला नकोसा झालाय."

सगळा वर्ग भराभर लिहून घेऊ लागला. शेजारची मुलगी कायसाला म्हणाली, किती छान समजावतो नाही? कायसा म्हणाली, हो, ऐकलंय मी.

तास संपल्यावर ब्रँट तिच्याजवळ येऊन खाली वाकला. "हे बघ, काळजी करू नकोस. मेडिकलला मी तुझ्या एक वर्ष आधी पोचतोय," तो अगदी मनापासून म्हणाला. "तुझ्यासाठी जागा धरून ठेवू का?"

कायसाने डबा उघडला. आईने त्यात दोन पेस्ट्या दिल्या होत्या, एक तिला आणि एक ब्रँटला. त्याच्या वाटणीची तिने उचलली आणि त्याच्या देखत शेवटच्या घासापर्यंत खाऊन टाकली.