हात सोडायचा नाही

साहेबांच्या काखेखालून डोकं बाहेर काढून आवक-जावकच्या ताईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. खेळ सुरू होऊन तीन मिनिटं झाली होती आणि गाठ सुटायच्या ऐवजी घट्ट होत चालली होती.

मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या प्रशिक्षक बाईंचा हा खेळ. गोल उभं राहायचं, समोरच्या दोघांचा एकेक हात धरायचा आणि हात न सोडता, वाकून-वळून सगळा गुंता सोडवायचा. यातून म्हणे संघभावना वाढते. आधी सुटणाऱ्या संघाला दोन दिवस रजा आणि हात सोडणाऱ्याबद्दल वर अहवाल. ताई रजेसाठी उभ्या होत्या, साहेब अहवालाच्या भीतीने.

ताईंची लेक दूरच्या शहरात, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. "आई, तू येतेयस ना?" असं ती रोज फोनवर विचारायची. ताईंनी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज केव्हाच दिला होता. पण या कार्यालयातून कुठलाही कागद पाच टेबलं फिरल्याशिवाय सुटत नसे. ताईंची नोंद, स्टोअरच्या भाऊंची 'हरकत नाही', टायपिस्ट बाईंचा टंकलेला कागद, साहेबांची सही आणि शेवटी काकांचा शिक्का. कणीक मळायच्या मशीनचा सुटा भाग असो की माणसाची रजा, वाट एकच. रजेशी स्टोअरचा काय संबंध, हे भाऊंनाही ठाऊक नव्हतं. अर्ज मात्र आठ दिवस त्यांच्याच टेबलावर, चहाच्या कपाखाली पडून होता.

चौथ्या मिनिटाला पलीकडच्या गोलातली विक्री विभागाची मंडळी मोकळी झाली आणि टाळ्या वाजवत वरच्या मजल्यावर पळाली. दोन दिवसांची रजाही त्यांच्याबरोबर गेली.

"आता सोडू या की," भाऊ म्हणाले. काकांचा एक पाय त्यांच्या हातावरून पलीकडे गेला होता आणि दुसरा यायला तयार नव्हता.

"खबरदार," साहेब म्हणाले. प्रशिक्षक बाईंनी वहीवर पेन टेकवलेलं त्यांना दिसत होतं.

तेवढ्यात दार ढकलून कोपरापर्यंत पिठाने माखलेला बेकरीवाला आत आला. "साहेब, मशीनचा पट्टा देताय का आज? तीन दिवस हेलपाटे घालतोय. भट्टी तापलीय, पीठ भिजलंय." मग त्याचं लक्ष गेलं. "कुणाला लागलं-बिगलं का?"

"ट्रेनिंग आहे," साहेब टायपिस्ट बाईंच्या कोपराआडून गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही उद्या..."

"उद्या कशाला?" प्रशिक्षक बाई आनंदाने उडाल्याच. "हात न सोडता आत्ताच करून दाखवा!"

आणि पाच जणांचा तो गाडा खेकड्यासारखा तिरका हलला.

"डावीकडे घ्या. अहो, माझं डावं!"

"काका, वाका."

"आणखी किती वाकू? गेल्या वर्षी गुडघा बदललाय."

ताईंनी काकांच्या मुठीसकट पेन धरून नोंद केली. भाऊंनी साहेबांना सोबत घेऊनच फडताळातला पट्टा ओढला. नोकरीत पहिल्यांदाच साहेबांनी स्टोअर आतून पाहिलं. टायपिस्ट बाईंनी एका बोटाने गेटपास टंकला, सहीला साहेबांबरोबर भाऊंचाही हात फिरला आणि काकांनी शिक्का असा हाणला की टेबल हादरलं. अकरा मिनिटांत पट्टा बेकरीवाल्याच्या गळ्यात पडला.

"हे असं तीन दिवसांपूर्वीच का नाही धरलंत एकमेकांना?" असं म्हणून तो धावत सुटला.

पाचही जण लाल चेहऱ्यांनी हसत होते. काका तर गुडघा विसरून "आणखी कुणी आहे का बाहेर?" असं विचारू लागले.

"शाब्बास!" प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "आता फक्त गाठ सोडवा."

"थांबा," ताई म्हणाल्या. "एक कागद राहिलाय. भाऊ, तुमच्या टेबलाकडे चला."

भाऊंनी कप बाजूला सरकवला. अर्जावर तपकिरी गोल उमटला होता. "हरकत नाही," भाऊ ओशाळून म्हणाले आणि तसंच लिहिलंही. टायपिस्ट बाईंनी रजेचा आदेश टंकला.

साहेब मात्र थबकले. "ताई, अहो, असं घाईघाईनं नियमात बसतं का?"

ताईंनी प्रशिक्षक बाईंच्या वहीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "हात सोडू का मग, साहेब?"

साहेबांनी सही केली. शिक्का मारताना काका हळूच म्हणाले, "मुलगी झाली तर पेढे नकोत, बर्फी आणा."

दुपारच्या बसने ताई गेल्यासुद्धा.

संध्याकाळी विक्री विभागाची मंडळी बक्षिसाच्या रजेचा अर्ज घेऊन ऐटीत खाली आली. बक्षीस असलं तरी अर्ज रीतसर पाच टेबलांवरून यावा, असं साहेबांनी बजावलं होतं. पहिली नोंद आवक-जावकला. तिथली खुर्ची रिकामी होती.

"ताई कुठायत?"

"दहा दिवस रजेवर," भाऊ म्हणाले. "ठेवून जा इथं." आणि अर्ज वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.