कलम नऊचा पुरावा

फेलोशिपच्या अर्जात अकरा कलमं होती. त्यांतली दहा एल्फस शिउंडूंनी एका दुपारी भरून टाकली. माशी शिंकली ती नवव्या कलमापाशी. तिथे वरिष्ठांनी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायचं होतं की, सदर अधिकारी वर्षभर कचेरीत नसला तरी कचेरीच्या कामावर काहीही परिणाम होणार नाही.

फेलोशिप सरकारचीच होती, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या धोरणाची. निम्मी नोकरी झालेल्या अधिकाऱ्यांना वर्षभर टेकडीवरच्या धोरण परिषदेत नेऊन बसवायचं, शास्त्रज्ञांशी चार गोष्टी बोलायला लावायच्या, आणि परत आले की एक श्रेणी वर चढवायचं, अशी योजना. पंधरा वर्षं फायलींखाली राहूनही एखाद्याच्या डोक्यात कल्पना शिल्लक राहू शकते, असा सरकारचा समज होता. सरकारचे असे बरेच समज असतात. प्रत्येक खात्यातून एक माणूस, आणि वय अठ्ठेचाळीसच्या आत.

शिउंडू नैरोबीतल्या एका खात्याच्या कातडी विभागात होते. खात्याचं नाव सांगायला हरकत नव्हती, पण सांगणाऱ्यालाही पेन्शन घ्यायची आहे. देशभरातल्या खाटिकखान्यांतून येणाऱ्या कातड्यांचे तक्ते तपासायचे आणि वर पाठवायचे, हे त्यांचं काम. वर ते तक्ते कोण वाचतं, हे विचारायची पद्धत नव्हती. गेली अकरा वर्षं ते ‘एम’ श्रेणीत होते. त्यांच्या मागून नोकरीला लागलेला मेव्हणा ‘पी’ श्रेणीत पोचला होता आणि दर नाताळात कोंबडीची तंगडी चोखताना तो हे आठवणीने सांगत असे. येत्या मार्चमध्ये शिउंडूंना अठ्ठेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटचीच संधी.

पण श्रेणी हा सांगण्यापुरता मुद्दा. त्यांना खरी ओढ वेगळीच होती. परिषदेच्या माहितीपत्रकात एक फोटो होता: लांबलचक टेबल, भोवती माणसं, आणि एक अधिकारी बोलतो आहे, बाकीचे ऐकताहेत. बावीस वर्षांच्या नोकरीत शिउंडूंना ‘हे कधीपर्यंत होईल’ असं हजारदा विचारलं गेलं होतं. ‘तुम्हाला काय वाटतं’ असं कोणी एकदाही विचारलं नव्हतं. वर्षभर कोणीतरी तसं विचारेल, एवढ्यासाठी त्या माणसाचा जीव तुटत होता.

विभागप्रमुख किहोरो मॅडम वाईट नव्हत्या. फक्त, ज्या कागदावरून उद्या कोणी जाब विचारेल अशा कागदावर त्या सही करत नसत, आणि असा कुठलाच कागद नसतो जो अशा कागदांत मोडत नाही. त्यांनी कलम नऊ दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“शिउंडू, तुमच्यावाचून काही अडत नाही असं मी लिहून दिलं, तर ऑडिटवाले विचारणार की मग बावीस वर्षं या माणसाला पोसलात कशाला?”

“मग अडतं असं लिहा, मॅडम.”

“मग तुम्ही जाल कसे?”

मॅडमनी थोडा विचार केला आणि मार्ग काढला. विज्ञानाच्या फेलोशिपला जायचं तर विज्ञानाच्या रीतीनेच जाऊ या, त्या म्हणाल्या. प्रयोग करायचा. शिउंडूंनी एकवीस दिवस गावी जायचं. कोणाला सांगायचं नाही, रजेचा अर्जही द्यायचा नाही, कारण अर्ज दिला की तो बारा टेबलांवरून फिरतो आणि सगळ्यांना कळतं. एकवीस दिवसांत एकाही माणसाने ‘शिउंडू कुठे आहेत’ असं विचारलं नाही, तर पुरावा झाला. मग मॅडम डोळे मिटून सही करणार होत्या.

आता आमच्याकडे साहेब जागेवर आहेत हे ओळखायची खूण एकच, खुर्चीच्या पाठीवर कोट. कोट असला की साहेब ‘आत्ताच इथे होते’, मग ते गावात असोत की सासुरवाडीला. शिउंडूंकडे कोट एकच होता आणि तो त्यांना गावी लागणार होता. म्हणून शनिवारी ते गिकोम्बाच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात गेले आणि खास खुर्चीसाठी एक तपकिरी चौकड्यांचा कोट घेऊन आले. तो त्यांना खांद्यात घट्ट होत होता, पण खुर्चीला बरोबर बसला.

शेजारच्या टेबलावरच्या जोआश ओगुटूला तेवढं विश्वासात घेणं भाग होतं. ओगुटू लाख माणूस. कामाचा त्याला राग नव्हता, फक्त फारशी ओळख नव्हती. शिउंडूंच्या फायली ढीग न होऊ देता, न वाचता पुढे सरकवायच्या, एवढंच त्याने करायचं होतं. त्यातली ‘न वाचता’ ही अट त्याने अगदी मनापासून पाळली.

शिउंडू काकामेगाजवळच्या आपल्या गावी गेले. तिथे रिस्पा, त्यांची बायको, शाळेत शिकवायची आणि शेतही बघायची. नवरा भर जुलैमध्ये, ना लग्न ना मयत, दारात उभा पाहून तिने आधी नोकरी गेली का ते विचारून घेतलं. सगळा प्रयोग ऐकल्यावर ती म्हणाली, “नफुलाचे बाबा, तुम्ही वर्षभर नसलात तरी इथलं काही अडत नाही, असं मीसुद्धा लिहून देते. शाळेचा शिक्का आहे माझ्याकडे.”

शिउंडू दर संध्याकाळी ओगुटूला फोन लावत. कोणी विचारलं का? नाही. पहिल्या आठवड्यात त्या ‘नाही’ने त्यांचा जीव भांड्यात पडायचा. ओगुटू सांगायचा की तक्ते पूर्वी नऊ दिवसांनी वर जायचे, ते आता दुसऱ्याच दिवशी जातात. दुसऱ्या आठवड्यात शिउंडूंना झोप नीट लागेना. प्रयोग उत्तम चालला होता, पण चौदा दिवसांत निदान एकाने, निदान फिलिस्टाने तरी विचारायला हवं होतं की नाही? फिलिस्टा म्हणजे कचेरीत चहा देणारी बाई. गेली नऊ वर्षं ती त्यांच्या टेबलावर सकाळी दहाच्या आत चहा ठेवत होती.

“फिलिस्टा काही बोलली?” त्यांनी अठराव्या दिवशी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाही हो साहेब. ती चहा ठेवते, मी पितो. कप रिकामा दिसला की ती खूश.”

रिस्पाने मक्याच्या घट्ट उगाळीचं ताट पुढे सरकवत सांगितलं की, आता रडायचं की हसायचं ते एकदाचं ठरवा, जेवण निवतंय. शिउंडूंना खरंच ठरवता आलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी नैरोबीत हाडं गोठवणारी थंडी पडली. जुलैमध्ये पडतेच. कातडी विभागातल्या उरलेल्या चौदाच्या चौदा अधिकाऱ्यांनी खुर्चीवरचे कोट उचलले, अंगात घातले, आणि मागच्या गल्लीतल्या टपरीवर गरम हाडांचं सूप प्यायला गेले. इतकी वर्षं जे कोट त्यांच्या वतीने नोकरी करत होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा माणसांबरोबर बाहेर पडले.

नेमके त्याच वेळी प्रधान सचिव न सांगता पाहणीला आले.

सचिव नवे होते. बारा वर्षं जिनिव्हात कुठल्याशा आंतरराष्ट्रीय कचेरीत काढून ते मायदेशी परतले होते. तिथे म्हणे खुर्चीवर कोट असला की माणूस खरोखरच जवळपास असतो. दारात उभं राहून त्यांनी पाहिलं: चौदा खुर्च्या उघड्या बोडक्या. एका खुर्चीवर कोट. समोर उघडी फाईल आणि वाफाळता चहा. त्यांनी फिलिस्टाला विचारलं, हे कोण? तिने खोटं एक अक्षर सांगितलं नाही. हे शिउंडू साहेब, ती म्हणाली, रोज चहा ठेवते, रोज कप रिकामा असतो, आणि यांच्या टेबलावर हल्ली फाईल एक दिवस राहत नाही. सचिवांनी जाता जाता फाइलींच्या नोंदवहीत डोकावून खात्री करून घेतली. तक्ते खरंच दुसऱ्या दिवशी वर जात होते.

शिउंडू परत आले तेव्हा त्यांचं नाव सूचनाफलकावर लागलेलं होतं. नोकरीत पहिल्यांदाच ते अचूक लिहिलं गेलं होतं. खाली सचिवांच्या सहीचं पत्र: सर्व जागा रिकाम्या असताना हे एकटे अधिकारी कर्तव्यावर आढळले. कातडी विभागाचा सारा भार यांच्याच खांद्यावर आहे. यांच्यावाचून हा विभाग एक दिवसही चालू शकणार नाही. बाजूलाच दुसरा कागद होता, चौदा जणांना ते जागेवर का नव्हते याची कारणं द्यायला सांगणारा. चौदाही जणांनी एकच कारण दिलं होतं, बाहेरची पाहणी. ते एका अर्थी खरंच होतं.

शिउंडू धावतच मॅडमच्या खोलीत गेले. एकवीस दिवसांत एकाही माणसाने विचारलं नाही, म्हणाले, आता सही करा.

“सचिव लिहितात तुमच्यावाचून एक दिवस चालणार नाही. आणि मी लिहू वर्षभर चालेल?” मॅडम म्हणाल्या.

“पण मॅडम, मी नव्हतोच इथे. तुम्हीच पाठवलंत. मी गावी मक्याच्या राखणीला बसलो होतो.”

“रजेचा अर्ज आहे?”

“तुम्हीच म्हणालात देऊ नका.”

“मग कागदावर तुम्ही इथेच होता. सचिवांनी सही करून लिहिलंय की होता. आता तुम्ही म्हणता सचिवांनी कोटाला शाबासकी दिली? जा, त्यांच्या तोंडावर सांगून या. मी इथेच बसते.”

शिउंडू गेले नाहीत. कोणीच गेलं नसतं. ते जागेवर येऊन बसले. इतर जण त्यांच्याशी बोलत नव्हते. ओगुटूने तेवढा आपल्या पैशाने एक तळलेला गोड मांदाझी आणून त्यांच्यापुढे ठेवला.

अर्ज पाठवायची मुदत शुक्रवारी संपत होती. गुरुवारी दुपारी वरून फोन आला की तुमच्या खात्याचं नाव अजून आलेलं नाही, जागा फुकट गेली तर कारण लेखी द्यावं लागेल. लेखी म्हटल्यावर मॅडम ताठ बसल्या. त्यांनी यादी मागवली. पंधरा वर्षं नोकरी आणि अठ्ठेचाळीसच्या आत वय, असा विभागात शिउंडू सोडून एकच माणूस निघाला. त्यांनी ओगुटूला बोलावलं, आणि मसुदा लिहायला शिउंडूंना, कारण कलम नऊचा मसुदा अख्ख्या खात्यात त्यांनाच पाठ होता.

ओगुटूला घाम फुटला. “मॅडम, मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही.”

“विज्ञानाला कोण पाठवतंय? धोरणाला पाठवतोय.”

शिउंडूंनी लिहिलं. स्वतःसाठी किती रात्री घोळवलेलं वाक्य होतं ते, फक्त नाव बदलायचं होतं: श्री. जोआश ओगुटू वर्षभर कचेरीत नसले तरी कचेरीच्या कामावर काहीही परिणाम होणार नाही. ओगुटू मान खाली घालून उभा होता. मॅडमनी कागद वाचला आणि तिथल्या तिथे सही केली.

“यांचा पुरावा नको का, मॅडम?” शिउंडूंना राहवलं नाही.

“पुरावा कशाला? हा माणूस जागेवर नव्हता आणि कचेरी चालू होती, हे सचिवांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.” त्यांनी शिक्का मारला. “आणि हो, यांच्या फायली उद्यापासून तुमच्याकडे घ्या. वर्षाचाच तर प्रश्न आहे.”

ओगुटू टेकडीवर गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. फार चांगली माणसं आहेत, साहेब, तो जरा ओशाळून म्हणाला, सारखी विचारतात, तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय वाटतं. मी म्हणतो, उद्या सांगतो. मग त्याने जरा थांबून विचारलं, “साहेब, तुम्हाला काय वाटतं?” शिउंडूंनी तासभर सांगितलं. ओगुटूने सगळं लिहून घेतलं.

सचिव पुन्हा कधी उगवतील याचा नेम नसल्याने शिउंडू आता रोज आठच्या ठोक्याला जागेवर असत आणि दोन टेबलांचं काम करत. मार्चमध्ये त्यांना अठ्ठेचाळीस पूर्ण झाली. रिस्पाने मका पेरायला बोलावलं होतं, म्हणून त्यांनी चार दिवसांची रजा मागितली, या वेळी मात्र लेखी. अर्ज बारा टेबलांवरून न फिरता त्याच दिवशी परत आला. कडेला मॅडमच्या अक्षरात शेरा होता: यांच्या गैरहजेरीने कचेरीच्या कामावर परिणाम होईल, सबब नामंजूर. खाली सही होती, शिक्का होता, आणि पुरावा म्हणून सचिवांच्या पत्राची प्रत जोडलेली होती.