चौथ्यांदा पहिली

संस्थापकांनी आजवर एकतीस शाळा स्थापन केल्या, याबद्दल दुमत नाही. त्यातल्या चार एकाच जागी, एकामागून एक स्थापन केल्या, एवढाच काय तो तपशील. ती जागा काजं-बटणं करून घर चालवणाऱ्या बाईच्या दारासमोर होती. दोन खोल्या, एक फळा, एक नळ. क्रमांक नऊ, सोळा, तेवीस आणि आता एकतीस. दर वेळी पेंटर येई, पाटीवरचा आकडा खरवडून नवा काढी आणि बाईकडे प्यायला पाणी मागे.

कारण अगदी सरळ होतं. जिथे शाळा नाही तिथे शाळा काढायची, हे संस्थापकांचं ध्येय. पण शाळा काढली रे काढली, की वस्तीत शाळा असे आणि वस्ती ध्येयात बसेनाशी होई. मग वर्ष संपायच्या आत, जड अंतःकरणाने, शाळा बंद करावी लागे. सहा-आठ महिन्यांनी पाहणी पथक येई, शाळा नाही हे पाहून हळहळे, आणि नवी मंजूर होई. नवी शाळा पहिलीपासून सुरू होणार, हे ओघानं आलंच.

बाईची मुलगी त्यामुळे चौथ्यांदा पहिलीत होती. पुस्तक तिला पानांच्या आकड्यांसकट पाठ. गणवेश दर वेळी नव्या रंगाचा, पण माप पहिलीचंच. शेवटी बाईने तीन उसवून एक शिवला. एक बाही निळी, दुसरी हिरवी.

"आई, दुसरीचं पुस्तक नुसतं बघायला तरी मिळेल का गं?" मुलीने एकदा विचारलं. बाईच्या हातातली सुई थांबली.

दुसऱ्याच दिवशी बाई तासभर चालून पलीकडच्या वस्तीतल्या, बंद न पडणाऱ्या शाळेत गेली. तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "पहिलीत घ्यायला वय बसत नाही. दुसरीत घेतो. पहिली पास झाल्याचा दाखला आणा."

"प्रवेशाचे चार आहेत."

"प्रवेशाचे काय करू? निकालाचा आणा."

निकालापर्यंत शाळा टिकली असती तर ना! बाईने एकतिसाव्या उद्घाटनालाच संस्थापकांना गाठलं. "साहेब, एक चिठ्ठी द्या. पोरगी पहिली पास आहे, एवढंच लिहा."

"ताई, निकाल लावणं हे शाळा चालवणाऱ्यांचं काम. मी स्थापन करतो."

"मग चालवतं कोण?"

"तो टप्पा अजून आलेला नाही," संस्थापक शांतपणे म्हणाले. "पुढच्या आठवड्यात माझा सत्कार आहे. लेकीला घेऊन या. दोन शब्द बोला. काय मागायचं ते तिथेच मागा."

सत्काराला सभागृह भरलं होतं. मुलीने पुस्तक मिटून पहिला धडा धडाधडा म्हटला. पहिलीतलं पोर आणि काय ही तयारी, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मग बाई माइकपाशी गेली. चार दिवस घोकलेलं सगळं विसरली आणि जे खरं होतं तेच बोलली.

"पोरगी अकरा वर्षांची आहे. चौथ्यांदा पहिलीत आहे. मला दुसरं काही नको. पास झाल्याचा कागद तेवढा द्या." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

संस्थापकांनी अलगद माइक घेतला.

"ऐकलंत? अकराव्या वर्षीही या लेकरासाठी पहिलीचं दार उघडं आहे. एकदा नाही, चार वेळा उघडलं!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईला कागद मिळाला, चौकटीत बसवलेला, सन्मानपत्राचा. पलीकडच्या शाळेतल्या कारकुनाने तो उलटसुलट करून परत दिला.

माइकपाशी बाईचे डोळे भरले त्या क्षणाचा फोटो मात्र छान आला. संस्थेच्या कॅलेंडरवर तो छापला, खाली 'आनंदाश्रू' असं लिहून. तुमच्या बैठकीच्या खोलीत लावलंय ना, तेच. परवा पाहुणे आले तेव्हा तुम्हीच त्यांना दाखवलंत आणि म्हणालात, "काय समाधान आहे बघा चेहऱ्यावर."